गालात धरलेली गोळी

माझ्या छातीवर दोन वण आहेत. एक मधोमध, गळ्याच्या खड्ड्याखालून सरळ पोटाकडे गेलेला. दुसरा उजव्या बाजूला, स्तनाखालच्या घडीत. पहिला सोळा वर्षांचा आहे आणि तो कसा आला हे मी कोणालाही सांगू शकते. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता. त्या तापाने हृदयाची एक झडप खराब केली, आणि लग्नानंतर नागपूरला छातीचं हाड उघडून तिथे धातूची झडप बसवली. दुसऱ्या वणाचं कारण मी वर्षभर घरात कोणाला सांगितलं नाही. माझ्या जागी माझ्या धाकट्या जावेने त्याचा बोल सोसला. वहीत लिहिताना सुद्धा मी दाराकडे पाहते आहे.

धातूच्या झडपेवर रक्त गोठू नये म्हणून रोज एक गोळी घ्यावी लागते, रक्त पातळ ठेवणारी. ती आयुष्यभर चुकवायची नसते. आधी सासूबाई देत असत, त्या थकल्यावर जाऊ देऊ लागली. आमचं गाव अकोला जिल्ह्यात तेल्हाऱ्याकडे, घर एकत्र, दोघे भाऊ एकच शेती करतात. संध्याकाळी देवाजवळ दिवा लागला की जाऊ एका हातात पाण्याचा पेला आणि दुसऱ्या तळव्यावर गोळी घेऊन माझ्यासमोर उभी राहायची. "घ्या बाई, तुमचा परसाद," म्हणायची. पेला रिकामा होईपर्यंत हलायची नाही.

त्या गोळीने माझी पाळी दहा-दहा, बारा-बारा दिवस थांबत नसे. हे मी कधी डॉक्टरांना सांगितलं नाही. तपासणीला अकोल्याला जायचो तेव्हा यजमान शेजारच्या खुर्चीत असत, डॉक्टर पुरुष. "काही त्रास?" म्हणून ते विचारत आणि मी मान हलवून नाही म्हणत असे. बाईच्या जातीला हे असायचंच, त्यात सांगण्यासारखं काय, असं मी धरून चालले होते.

आमच्याकडे भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात, तीन दिवस. बाहेर बसलेल्या बाईची तिथे सावली पडलेली चालत नाही. मी घरातली मोठी सून, पण किती वर्षं मी मागच्या खोलीत पोत्यावर बसून आरती ऐकली याचा हिशोब नाही. शेजारपाजारच्या बाया हळदीकुंकवाला आल्या की दारातून डोकावून म्हणायच्या, "याबी वर्साले का वं? तुमचं टायमिंग तं लक्ष्म्यायलेच ठाऊक हाये." सगळ्या हसायच्या, मीही हसायची. सासूबाई गेल्या, त्यांचं वर्ष झालं, आणि त्या भाद्रपदात पहिल्यांदा महालक्ष्म्या माझ्या हातून बसणार होत्या.

महालक्ष्म्यांच्या आठ दिवस आधी पाळी येणार होती. गोळी घेतली असती तर ती महालक्ष्म्या उठेपर्यंत चालली असती. नाही घेतली तर चार-पाच दिवसांत न्हाऊन मोकळी होईन, असा मी विचार केला. जाऊ समोर उभी असताना मी गोळी तोंडात टाकली, गालात सरकवली, वरून पाणी प्यायले. ती पेला घेऊन आत गेली आणि मी मोरीत जाऊन थुंकले. पहिल्या दिवशी गोळी वाहून जाईपर्यंत पाणी ओतत राहिले. तिसऱ्या दिवशी वळूनही पाहिलं नाही.

मला वाटलं होतं तसंच झालं. पाळीच्या पाचव्या दिवशी मी न्हाले. महालक्ष्म्यांना मुखवटे मी चढवले, साड्या मी नेसवल्या. जेवणाच्या दिवशी जावेने पहाटेपासून सोवळ्यात स्वयंपाक केला. पुरण, आंबील, आणि सोळा भाज्यांची एकत्र भाजी, तिच्यात पालेभाज्याच जास्त. मला पालेभाजी एकदम खूप खायची मनाई होती, त्याने गोळीचा जोर कमी होतो म्हणून. जावेने एक पळी वाढली आणि दुसरी उचलली.

"राहू दे," मी म्हटलं.

"घ्या ना बाई. आज तं लक्ष्मीचा परसाद हाये. एका दिसानं काय होते?"

पंगतीत यजमान बसले होते. त्यांनी हे ऐकलं.

महालक्ष्म्या उठल्यावर गोळी परत सुरू करायची, असं मी ठरवलं होतं. पण अंग इतकं हलकं वाटत होतं! किती वर्षांनी मी कपड्यांच्या काळजीशिवाय लोकांत बसले, उठले, माहेरी नांदगाव खंडेश्वरला जाऊन आले. उद्यापासून घेऊ, म्हणता म्हणता महिना होत आला.

धातूच्या झडपेचा आवाज येतो, बारीक, टिक टिक. पंधरा वर्षं तो माझ्यासोबत होता. एके दुपारी ओसरीवर मूग निवडत बसले होते, घरात कोणी नव्हतं, आणि लक्षात आलं की आवाज येत नाही. कान देऊन ऐकलं तर अगदी दबका, पदराखाली काही झाकून ठेवावं तसा. मला आनंद झाला. हे मी कबूल करते. मला वाटलं, चला, आतल्या आत बरं झालं.

चार दिवसांनी विहिरीपासून घरापर्यंत यायला मला तीनदा बसावं लागलं. मग उताणं झोपता येईना. अकोल्याच्या डॉक्टरांनी नळी छातीला लावली, बराच वेळ ऐकलं, आणि यजमानांना म्हणाले, "आवाज कुठे गेला? हिला आजच अमरावतीला न्या."

अमरावतीच्या त्या मोठ्या दवाखान्यात मशीनच्या पडद्यावर माझी झडप दिसली. दोन पाती असतात तिला. एक पातं उघडत-मिटत होतं, दुसरं जागचं हलत नव्हतं. रक्ताची गाठ धरली होती.

तिथली एक तरुण डॉक्टरीणबाई कागद घेऊन माझ्या खाटेशी आली. "रक्त तर जराही पातळ नाही. गोळी सुटली होती का?"

मी काही बोलायच्या आत जाऊ पुढे झाली. यजमान तिचे भासरे, म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ. त्यांच्यादेखत ती कधी तोंड उघडत नाही. पण त्या दिवशी पदर डोक्यावर ओढून ती डॉक्टरीणबाईला म्हणाली, "नाई जी मॅडम. माह्या हातानं रोज देल्ली. एकबी दिस नाई चुकली."

डॉक्टरीणबाईने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. हो.

"मग पालेभाज्या जास्त झाल्या का? सणावारात काही?"

तो प्रश्न तिने सहज विचारला असेल. बुडणाऱ्याने वेल धरावा तसा मी तो धरला. "हो," मी म्हटलं. "महालक्ष्म्यांत झाल्या. सोळा भाज्या असतात."

डॉक्टरीणबाई गेल्यावर यजमान माझ्याकडे तोंड करून बोलले. जाऊ दोन हातांवर उभी होती, पण आमच्यात भासरा धाकट्या भावाच्या बायकोशी थेट बोलत नाही. "सांगून दे त्या बाईले. परसाद, परसाद करत माणूस मारून टाकते का? मी पंगतीत आयकलं. ही नाई म्हणून राहिली होती, तरी पळी उचलली."

जावेला उलट बोलता येत नव्हतं. तिने पायाच्या अंगठ्याकडे पाहिलं आणि तिथेच उभी राहिली. तिच्या बाजूने बोलू शकेल असं त्या खोलीत एकच माणूस होतं, ते मी. मी धाप लागल्याचं निमित्त करून डोळे मिटले. धाप खरोखर लागली होती, पण डोळे त्यासाठी मिटले नव्हते.

गाठ विरघळायचं औषध सलाइनमधून दिलं. थोडा फरक पडला, पण पातं मोकळं झालं नाही. मग मोठे सर्जन आले आणि माझ्या खाटेपाशी उभं राहून त्यांनी यजमानांना समजावलं. मी ऐकत होते.

"झडप बदलावी लागेल. प्रश्न आत जायच्या वाटेचा आहे. पहिल्या वेळी हाड उघडलं तेव्हा त्याच्यामागे हृदय मोकळं होतं. आता ते आतून हाडाला चिकटलंय, स्कॅनमध्ये दिसतंय. त्याच जागी परत करवत चालवली तर हाड कापता कापता हृदयालाच लागू शकतं."

"मंग कसं जी?"

"उजव्या बाजूने जाऊ. बरगड्यांच्या मधून. या झडपेपर्यंत तिकडून चांगलं पोहोचता येतं. हृदय थांबवल्यावर मशीनला जोडायच्या नळ्या मांडीच्या शिरेतून घालू."

"साहेब, लोक म्हणते, पायातून तार घालून बसवते. फाडायचं कामच नाई."

"ते होतं, पण जुनी झडप प्राण्याच्या पेशीची असेल तर. धातूच्या आत दुसरी बसत नाही. आता कोणती बसवायची तेही ठरवायचंय. पेशीची बसवली तर काही महिन्यांनी ही गोळी सहसा थांबवता येते, पण ती झडप काही वर्षांनी झिजते. धातूची जास्त टिकते, पण गोळी कायमची." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, चांगल्या भावनेनेच. "बाई गोळ्या वेळेवर घेतात, हे फार चांगलं आहे. असं सगळे करत नाहीत. धातूचीच बसवू, गोळी थोडी वाढवून ठेवू, आणि भाज्या सांभाळायच्या."

फार चांगलं आहे! घरात कोणी माझं असं कौतुक केलं असतं तर मी पदराआड हसले असते. तिथे मला उशीत तोंड खुपसावंसं वाटलं. गोळी वाढवणार म्हणजे रक्त आणखी जाणार, आणि मग मी काय करणार ते मला ठाऊक होतं. मी परत थुंकणार होते. माझा माझ्यावर भरवसा नव्हता, आणि हे त्या भल्या माणसाला माहीत नव्हतं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी डॉक्टरीणबाई खुणेचा पेन घेऊन आली. जावेला तिने बाहेर पाठवलं, पडदा ओढला, आणि मला ब्लाउज काढायला सांगितलं. मी बटणं काढली पण पदर सोडवेना. नवऱ्यासमोरही मी उजेडात अशी कधी बसले नाही. तिने घाई केली नाही. हात पुढे करून उजवा स्तन हलकेच वर उचलला, आणि खालच्या घडीत आडवी रेघ ओढली. पेन गार लागला.

"वण इथेच लपेल. दिसणार पण नाही," ती म्हणाली.

माझं सगळं तिला दिसलंच होतं, आणखी लपवायचं काय उरलं होतं कोण जाणे. मी म्हटलं, "मॅडम, गोळी मी घेत नव्हते."

तिने पेनाचं टोपण लावलं. "किती दिवस?"

"महिना."

"आणि तुमच्या जाऊबाई तर..."

"ती द्यायची. मी थुंकायची."

ती रागावली. आवाज चढवला नाही, पण रागावली. "उद्या आम्ही तुमची छाती उघडणार आहोत, आणि तुम्ही हे आज सांगताय? कशासाठी केलं?"

मी पाळीचं सांगितलं, महालक्ष्म्यांचं सांगितलं. ती खाटेच्या कडेवर बसली. "हे आधी कोणाला सांगितलं होतं? इतका रक्तस्राव होतो म्हणून?"

"नाही."

"पंधरा वर्षांत?"

"नाही."

"यावर उपाय असतो, ताई. बायकांच्या डॉक्टरकडे पाठवलं असतं. कमी करता येतं. एकदा विचारायचं होतं."

त्या एका वाक्याची मला जितकी लाज वाटली तितकी उघडं बसायचीही वाटली नव्हती. मी सणासाठी जीव धोक्यात घातला, असं मनात कुठेतरी मोठेपणाने धरून बसले होते. ते काहीच नव्हतं. एक प्रश्न विचारायला तोंड उघडलं नाही, एवढंच होतं.

"मोठ्या सरांना मला सांगावंच लागेल," ती उठताना म्हणाली. "घरच्यांना तुम्ही सांगा."

संध्याकाळी सर्जन आले आणि यजमानांना इतकंच म्हणाले, "विचार बदललाय. पेशीची बसवू. काही वर्षांनी परत करावं लागेल, पण तेव्हा कदाचित छाती न उघडता पायातून होईल."

"हे बरं झालं साहेब," यजमान म्हणाले. "म्हणजे भाजीची कटकट गेली."

सर्जननी माझ्याकडे पाहिलं. सांगायची ती वेळ होती. दारात जाऊ माझ्या धुतलेल्या साडीची घडी छातीशी धरून उभी होती. मी सांगितलं नाही.

ऑपरेशन झालं. शुद्धीवर आले तेव्हा मधल्या जुन्या वणाला काही झालं नव्हतं, दुखत होती ती उजवी बाजू, श्वास घेतला की बरगड्यांत चटका बसे. उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. जावेने माझी वेणी घातली, मला पुसलं, खोकला आला की उशी बरगड्यांशी धरली. दवाखान्यातल्या वरणात कोथिंबीर असायची. ती एकेक पान बोटाने काढून बाजूला ठेवायची. एवढ्या चार पानांनी काही होत नाही, असं डॉक्टरीणबाईने दोनदा सांगितलं, तरी ती थांबली नाही. "सांबाराचं पानबी नाई ठेवलं बाई, जेवा बिनघोर."

शेजारच्या खाटेवर वरूडकडची एक म्हातारी होती. तिने विचारलं, "बहीण व्हय का वं तुह्यी?"

"जाऊ हाये जी मी," जाऊच बोलली.

"जाऊ? अन् इतकं करून राहिली? माह्या जावेनं तं माह्यं मरणाचं लुगडं आनून ठेवलं असतं."

"आनलं होतं ना जी. बाईले रंग पसंत नाई पडला, म्हून वाचल्या."

म्हातारी खो खो हसली. मलाही हसू आलं आणि टाक्यांत कळ गेली. जाऊ धावून उशी धरायला आली. मी तिच्याकडे पाहू शकले नाही.

घरी आलो. गोळी काही महिने होती, ती मी खरोखर गिळली, मग ती थांबली आणि पाळीही पाच दिवसांवर आली. ते वर्ष कसं गेलं ते लिहिण्यासारखं नाही. यजमान जावेच्या हातची पालेभाजी पानात घेईनात. कोणी भेटायला आलं की सांगत, "भाजीनं झालं. वाढणाऱ्याले अक्कल नसली की असंच होते." जाऊ चहा घेऊन येत असली तरी सांगत. मी ओसरीच्या खांबाला टेकून ऐकत असे.

भाद्रपद परत आला. महालक्ष्म्या बसायच्या त्या सकाळी यजमान अंगणातून दिरांना म्हणाले, "उद्याच्या सयपाकाले हिवरखेडची आत्याबाई येईन. भाज्या तिच्याच हातच्या. या घरातल्या हातच्या नाई पायजे."

आत जाऊ पालेभाज्यांचा ढीग समोर घेऊन निवडत बसली होती. तिचे हात थांबले. लग्न होऊन आल्यापासून नैवेद्य तिच्या हातचा होता, मी बाहेर बसलेली असायची तेव्हा तिनेच सगळं धरून ठेवलं होतं. मला वाटलं ती रडेल. ती हळू म्हणाली, "जाऊ द्या बाई. खरं हाये त्यायचं. माह्याच हातानं तुमचा जीव जात होता."

तिचा स्वतःचाही त्यावर विश्वास बसला होता, हे मला तेव्हा कळलं. यजमानांचं बोलणं ती सोसते आहे, असंच मी समजत होते.

मी उठून अंगणात गेले. दीर होते तरी गेले. "भाजीनं नाई झालं," मी म्हटलं. कोणाचं लक्ष गेलं नाही, परत म्हणावं लागलं. "भाजीनं नाई झालं. जाऊ रोज गोळी द्याची, मी गालात धरून मोरीत थुंकत होती. महिनाभर."

"काहून?" यजमान म्हणाले.

मी दिरांकडे पाहिलं. दीर समजदार, ते बैल पाहायला म्हणून उठून गेले. मग मी म्हटलं, "पाळी थांबत नव्हती. लक्ष्म्या बसवायच्या होत्या." संसाराच्या वीस वर्षांत हा शब्द मी त्यांच्यापुढे पहिल्यांदा उच्चारला.

ते म्हणाले, "दवाखान्यात तुले जीभ नवती?"

"होती."

ते उठले, स्वयंपाकघराच्या दाराशी गेले आणि खाकरले. जावेने पदर ओढून भिंतीकडे तोंड केलं. काय बोलावं ते सुचलं नसेल, की रीत आडवी आली असेल. तसेच परत फिरले आणि सायकल घेऊन आत्याबाईंना येऊ नका म्हणून निरोप द्यायला गेले.

मी आत आले. जाऊ अजून भिंतीकडेच तोंड करून होती.

"मी तुमच्यासमोर उभी रायत होती," ती म्हणाली. "पानी पेईपरेंत."

"हो."

"मले काहून नाई सांगतलं? त्यायले नका सांगू, डॉक्टरले नका सांगू. मी बाई नाई का? मले नाई येत का पाळी? पंधरा दिवस बाहेर बसल्या असत्या तरी मी कोनाले सांगतलं नसतं. तुमच्याच हातून बसवल्या असत्या लक्ष्म्या."

चुकलं, असं मी म्हटलं. ती उठून मागच्या दाराने गोठ्याकडे निघून गेली.

मी तिच्या जागेवर बसले आणि भाज्या निवडायला घेतल्या. उजवा हात लवकर भरून येतो, तरी निवडत राहिले. बऱ्याच वेळाने ती आली, समोर बसली, माझ्या टोपलीतली पानं परत चाळून जून देठ बाहेर टाकू लागली.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाक तिनेच केला. यजमानांनी भाजी दोनदा मागून घेतली, कोणाकडे न पाहता, नुसतं ताट पुढे सरकवून. सगळ्या पंगती उठल्यावर ती एकटी जेवायला बसली. मी वाढायला गेले. तिने मला वाढू दिलं. वर पाहिलं नाही.